सिग्नलला तापणारी, गरम झाल्यावर सुरू न होणारी आरएक्स-७: अपग्रेड घेण्याआधी काय तपासायचं

लक्षणं अशी. सकाळी सहाला गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. वरळीहून सी लिंकवर चढली की लोण्यासारखी पळते. नऊच्या सुमारास माहीम कॉजवेवरून परत येताना गर्दी लागते आणि तापमानाचा काटा सरकायला लागतो. सिग्नलला उभं राहिलं की आणखी वर. दादरला पोचून दहा मिनिटं बंद केली की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. सेल्फ फिरतो, पेट्रोलचा वास येतो, पण इंजिन पेट घेत नाही. बॉनेट उघडं टाकून तासभर थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते.

माझ्या १९८२ च्या माझदा आरएक्स-७ मध्ये, तिच्या १२ए या रोटरी इंजिनावर (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं), हे सलग दोन उन्हाळे चाललं होतं. त्या काळात मी तीन मोठे खर्च केले: आधी वेबरचा मोठा कार्बोरेटर, मग एक्झॉस्टचा हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा) आणि शेवटी दुप्पट जाडीचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर. एकानेही दुखणं गेलं नाही, हेडरने तर वाढलं. रोटरी गाडी असलेला माणूस मला हमखास विचारतो, "पहिला अपग्रेड कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी सिग्नलला तापत असेल, तर ते तापणंच तुमची यादी ठरवेल. म्हणून आधी दुखणं, मग खरेदी.

माझ्या गाडीचं मूळ दुखणं एका छोट्या भागात होतं. मी गाडी घेण्याआधीच कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप, काढून टाकला होता. आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. माझ्या मेस्त्रींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "शेठ, थर्मोस्टॅट थंड मुलखातल्या गाड्यांना. मुंबईत बर्फ पडतो का?" असं ते अगदी मनापासून म्हणाले होते. त्यांनी आयुष्यभर ज्या पिस्टनच्या गाड्या दुरुस्त केल्या, त्यांतल्या बहुतेकींचं थर्मोस्टॅटवाचून फारसं अडत नाही. माझदाच्या रोटरीचं अडतं.

या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला एक चकती असते. इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे न जाता एका बायपास भोकातून पुन्हा इंजिनात फिरतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. सुमारे ८२ अंशांना थर्मोस्टॅट उघडायला लागतो, तशी ही चकती खाली सरकत जाऊन बायपासचं भोक बंद करते आणि कूलंटला रेडिएटरचीच वाट उरते. थर्मोस्टॅट काढला तर भोक कायमचं उघडं राहतं. कूलंटला सोपी वाट मिळते आणि बराचसा भाग रेडिएटर न बघताच इंजिनात घुमत राहतो. मोकळ्या रस्त्यावर जोराचा वारा असतो, त्यामुळे जे थोडं कूलंट रेडिएटरमध्ये पोचतं ते चांगलं थंड होतं आणि गाडी निभावून नेते. गर्दीत वारा नाही, पंप हळू फिरतो, आणि उरलेला प्रवाहही वाट चुकवतो. रेडिएटर कितीही मोठा बसवा, त्याच्यापर्यंत कूलंट पोचतच नसेल तर तो काय करणार?

कुर्ल्याला सीएसटी रोडवर मी नवा थर्मोस्टॅट आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने व्यास मोजून दुसऱ्याच गाडीचा काढून दिला. बसतही होता. पण खाली चकती नव्हती. असा थर्मोस्टॅट घालणं आणि न घालणं सारखंच. मी शेवटी चकतीवाला बाहेरून मागवला आणि गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून थर्मामीटर बुडवून तपासला. तुम्हीही बसवण्याआधी हे करा, पाच मिनिटांचं काम आहे. शर्यतीच्या गाड्यांत थर्मोस्टॅट काढतात हे खरं, पण ते लोक बायपासचं भोक बुजवून टाकतात.

तुमच्या गाडीत हेच आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. काटा वर असताना रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. इंजिन तापलेलं आणि जाळी मात्र सगळीकडे कोमट, तर प्रवाहच येत नाही. जाळीवर कुठे गरम कुठे गार असे पट्टे असतील, तर रेडिएटर आतून तुंबलाय. जाळी सगळीकडे कडक गरम असेल, तर दोष हवेचा: फॅन किंवा त्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण. ते आवरण जुन्या गाड्यांत बहुधा तुटलेलं किंवा गायब असतं. फॅनचा क्लच तपासायला इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पात्याला हाताने झटका द्या. क्लच शाबूत असेल तर फॅन जड लागतो. मोकळेपणाने फिरतच राहिला तर क्लच गेला. विजेचा फॅन बसवायचा असेल तर तो रिलेवरून घ्या आणि आधी अल्टरनेटरची क्षमता बघा. एसी, हेडलाइट आणि फॅन एकदम चालू झाल्यावर जुना अल्टरनेटर दमतो, आणि त्याचा परिणाम पुढे सेल्फवर होतो.

तापण्याला एवढं का घाबरायचं, ते सांगतो. पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड मिश्रण येतं, तिथेच पेटतं, तिथूनच धूर बाहेर जातो. रोटरीत तसं नाही. प्लगच्या बाजूला कायम स्फोट होतात, इनटेकच्या बाजूला कायम थंड मिश्रण येतं. एकाच हाउसिंगची एक बाजू भाजते आणि दुसरी गारच राहते. त्यात हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लेट बिडाच्या, आणि हा सगळा थर लांब बोल्टांनी आवळलेला. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. त्यांच्या मधल्या खाचांत रबरी कूलंट सील असतात. इंजिन एकदा नीट तापलं की ती चेपतात, आणि थंड झाल्यावर पुन्हा फुगत नाहीत. मग कूलंट थेंब थेंब चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पांढरा धूर, एका रोटरचे प्लग ओले, रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालवलं तर बुडबुडे. ही लक्षणं दिसली की इंजिन खाली उतरवण्याला पर्याय नाही. पिस्टनच्या गाडीचं हेड गॅस्केट उडालं तर दोन दिवसांत काम होतं. इथे सगळं इंजिन उकलावं लागतं.

म्हणून डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. तो आळशी आहे, सांगतो तोवर उशीर झालेला असतो. आकडे दाखवणारा वेगळा गेज लावा. १०५ अंशांच्या वर गेलं की मी गाडी कडेला घेतो, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

तेलाचंही बघा. रोटर आतून पाण्याने नाही, तेलाने थंड होतात, त्यामुळे या इंजिनाची बरीच उष्णता ऑइल कूलरमधून बाहेर जाते. माझ्या गाडीत तो समोर, हवेच्या मार्गात आहे. नंतरच्या काही गाड्यांत ऑइल फिल्टरखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा, कूलंटवर चालणारा कूलर दिला होता. तुमच्याकडे तो असेल तर तो काढून समोरचा कूलर बसवणं हा मुंबईतल्या गाडीसाठी खरा अपग्रेड आहे. ताकदीचा एक घोडाही वाढणार नाही, पण पुढची सगळी ताकद त्याच्या जिवावर येते.

गरम झाल्यावर सुरू का होत नाही

याची तीन वेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. लोक इथेच घोटाळा करतात. लक्षण सारखं म्हणून दुसऱ्याचं औषध घेतात.

पहिलं, पेट्रोल उकळणं. १२ए मध्ये इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधलं मिश्रण इंजिनात नेणारी नळी) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, एक्झॉस्ट थेट खाली. गाडी चालू असते तोवर हवा आणि ताजं पेट्रोल कार्बोरेटरला गार ठेवतात. बंद केली की खालची आच वर चढते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि प्लग भिजतात. हेडर बसवल्यावर माझं दुखणं वाढलं ते यामुळे. पातळ पाइपांचा हेडर बिडाच्या जुन्या मॅनिफोल्डपेक्षा जास्त आच फेकतो. उपाय साधा निघाला: कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड फिनॉलिक स्पेसर, हेडर आणि इनटेकच्या मध्ये पत्र्याची ढाल, आणि इंधनाच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण. होज आणि क्लिप मी नागदेवीला घेतल्या, पत्रा परळच्या एका फॅब्रिकेटरने वाकवून दिला. तोवर कुठे अडकलात तर चोक अजिबात ओढू नका, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

दुसरं, इग्निशन. रोटरीत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. १९८१ पासूनच्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या अंगालाच दोन इग्नायटर (ठिणगीची वीज सोडणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल) चिकटवलेले असतात, एक लीडिंग प्लगसाठी, एक ट्रेलिंगसाठी. हे मॉड्यूल जुने झाले की तापल्यावर मरतात आणि गार झाल्यावर जिवंत होतात. ट्रेलिंगचं गेलं तर गाडी थोडी मंद होते, चालते. लीडिंगचं गेलं तर ती जवळजवळ चालतच नाही. शंका आली तर दोन्ही मॉड्यूलची अदलाबदल करून बघा. लक्षण बदललं तर चोर सापडला. बसवताना मागे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला विसरू नका, ती लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळते.

तिसरं कारण कुणालाच ऐकायचं नसतं: कंप्रेशन, म्हणजे इंजिन आतलं मिश्रण किती दाबू शकतं ते. थंड असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर होत नाही, हे थकलेल्या एपेक्स सीलचंही (रोटरच्या टोकांवरच्या, दाब अडवणाऱ्या पट्ट्यांचंही) नेहमीचं लक्षण आहे. प्लग काढून बघा. ओले आणि पेट्रोलचा वास, तर पहिलं कारण. कोरडे, ठिणगीही चांगली, तरी पेटत नाही, तर कंप्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजायची रीत नीट समजून घ्या, कारण पिस्टनच्या सवयीने मोजलं की हमखास फसगत होते. एका रोटरला तीन बाजू असतात, प्रत्येक बाजू वेगळी मोजायची. साध्या गेजमध्ये झडप असते, ती तिघांतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवते. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तिसरीच्या जिवावर आकडा चांगला दिसेल. म्हणून आधी झडपेसह एकदा मोजा, मग झडप काढून काट्याच्या उड्या बघा. मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतो. तीन उड्या सारख्या हव्यात. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पेट्रोलचा पंप आणि कॉइल सुट्या केलेल्या, आणि त्या रोटरचा दुसरा प्लग जागेवर बसलेला. माझदाचे आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांचे आहेत, सेल्फ सुस्त असेल तर आकडा विनाकारण कमी येतो. १०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असेल तर निश्चिंत राहा. ८५ ही सीमा समजा. आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये २० पीएसआयहून जास्त फरक असेल, तर आकडे मोठे असूनही काहीतरी बिघडलंय.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मागच्या गाडीला जागा द्यायला म्हणून आपण थंड रोटरी सुरू करतो, चोक ओढून चार हात पुढे घेतो आणि लगेच बंद करतो. यासारखा वाईट प्रकार नाही. भरपूर पेट्रोल आत गेलेलं असतं, जळलेलं थोडंच. ते सीलवरचं तेल धुऊन काढतं, कंप्रेशन पडतं आणि संध्याकाळी गाडी सुरू होत नाही. वॉचमनदादांना सांगून ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये ढकला. सुरू केलीच तर काटा जागेवर येईपर्यंत चालू ठेवा. भिजलीच तर खालचे, म्हणजे लीडिंग प्लग काढा, पंप बंद करून सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर फेका, प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि कोरडे प्लग लावा. सुरू झाल्यावर सगळा मजला धुराने भरेल, शेजाऱ्यांना आधी सांगा.

पेट्रोलही बदललंय. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. १९८२ च्या जेटवर (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) ते मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे आणखी उष्णता. माझ्या कार्बोरेटरचे जेट थोडे वाढवले तेव्हा गरम असतानाची सुस्ती गेली. जुने रबरी होज, पंपाचं डायफ्राम, कार्बोरेटरची पॅकिंग, सगळं इथेनॉलला चालणारं घ्या. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, तळाला पाण्याचा थर साचू शकतो. टाकी अर्धी रिकामी सोडू नका.

आता अपग्रेडचं

वरचं सगळं जागेवर आलं आणि कंप्रेशन चांगलं निघालं, तर पहिला पैसा इग्निशनवर घालवा. लीडिंग प्लगना डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून ठिणगी न देता दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ च्या दुहेरी कॉइलने थेट द्यायची, ही या गाड्यांमधली मुरलेली युक्ती आहे. ठिणगी दमदार होते, गरम सुरुवात सुधारते, आणि मूळ भाग जपून ठेवले तर कधीही परत बसवता येतात.

एक्झॉस्ट मोकळा केला की फरक जाणवतो, या इंजिनात इतर कशाहून जास्त. पण धुराचं तापमान इतकं असतं की साध्या सायलेन्सरमधली काचेची लोकर काही महिन्यांत उडून जाते. स्टेनलेसचा आणि मध्ये रेझोनेटर असलेला घ्या. आवाजासाठी घेत असाल तर घेऊच नका, पहाटेच्या मरीन ड्राइव्हवर लोक झोपलेले असतात.

कार्बोरेटरच्या बाबतीत माझं मत बदललंय. गाडीबरोबर आलेला चार नळ्यांचा निक्की कंपनीचा कार्बोरेटर नीट दुरुस्त करून, जेट जुळवून लावला, तर दादर ते ठाणे रोज चालवणाऱ्याला तोच बरा. वेबर वर छान ओढतो, पण त्याला इंधनाचा दाब ३ पीएसआयच्या आसपास लागतो, जास्त झाला की सांडतो. मी वेबर ठेवलाय, रेग्युलेटर लावून. आज पुन्हा निवडायचं झालं तर निक्की निवडेन.

तेल टाकणारा मीटरिंग पंप कुणी काढायला सांगितला तर नका काढू. तो एपेक्स सीलला तेल पुरवतो. मुद्दाम काढलाच, तर दर लिटर पेट्रोलमागे सुमारे ८ मिली टू-स्ट्रोक तेल प्रत्येक वेळी, न विसरता घालावं लागतं. विसरलात तर सीलची झीज सुरू.

पोर्टिंगचा, म्हणजे मिश्रण आत-बाहेर जायची भोकं घासून मोठी करण्याचा, विषय भावनेचा आहे. १९९१ मध्ये माझदाच्या ७८७बी या शर्यतीच्या गाडीने फ्रान्सची ल मां ही २४ तासांची शर्यत जिंकली, चार रोटरच्या इंजिनावर. तिचा आवाज एकदा ऐकला की आपल्या गाडीतून तसाच निघावा असं वाटतं, मलाही वाटतं. पण ब्रिज पोर्ट (शर्यतीसाठीचं जहाल पोर्टिंग) केलेलं इंजिन कमी फेऱ्यांवर डचमळतं, स्लो वाढवून ठेवावा लागतो, पेट्रोल पितं आणि सायन सर्कलला तापतं. मुंबईत चालवायच्या गाडीला सौम्य स्ट्रीट पोर्ट पुरे, आणि तोही इंजिन दुसऱ्या कारणाने उघडलं असेल तेव्हाच. चालणारं इंजिन केवळ पोर्टसाठी खोलू नका.

टर्बोचं म्हणाल, तर माझदाने स्वतः १९८३ मध्ये जपानमधल्या आरएक्स-७ ला १२ए टर्बो दिला, पण इंधन इंजेक्शनसह, आणि त्यासाठी घडवलेलं इंजिन. कार्बोरेटरच्या, ९.४ कंप्रेशन रेशोच्या इंजिनावर घरगुती टर्बो लावला आणि एकदा नॉकिंग झालं (मिश्रण वेळेआधी धडाक्याने पेटलं), की एपेक्स सील तुटतं, तुकडा हाउसिंगला ओरबाडत एक्झॉस्टमधून जातो. नवं हाउसिंग मिळवणं आज सगळ्यात अवघड काम आहे.

उरलं माझदाचं मोठं रोटरी इंजिन, १३बी, बसवणं. आकार तोच, फक्त रोटर ७० ऐवजी ८० मिलिमीटर रुंद, म्हणून १,१४६ सीसीचे १,३०८ होतात. गाडीत ते छान बसतं. पण आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओच्या परवानगीशिवाय हे करता येत नाही. शिवाय २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली, इंजिन-चॅसीत मोठा बदल न केलेली गाडी लागते. १९७८ ला नोंदलेली आरएक्स-७ २०२८ मध्ये पन्नाशीत येईल, माझी २०३२ मध्ये. मी मूळ १२ए ठेवणार.

गेल्या मे महिन्यात दुपारी सायनला वीस मिनिटं अडकलो होतो, एसी बंद, फॅन चालू. गेज ९४ वर थांबला. बंद करून रसवंतीवर दहा मिनिटं बसलो, परत आलो, एका सेल्फमध्ये सुरू झाली. दर रविवारी गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघतो. वर्षभरात भर घालावी लागलेली नाही. ज्या रविवारी लागेल, त्या रविवारपासून इंजिन खाली उतरवायची तयारी सुरू करेन, आणि स्ट्रीट पोर्टचा विचार तेव्हाच.